एकवीस आकडी संख्येचा ताळा



इतिहास म्हटला की राज्ये, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. वसंतातील या व्याख्यानांना नेमाने येणाऱ्या श्रोत्यांनी तो इतिहास माझ्याहून अधिकारी वक्त्यांकडून पुष्कळ ऐकला आहे. मी आज इतिहासच सांगणार आहे, पण तो एका संख्येचा. मी गणिती नव्हे. माझी शाळा मध्येच सुटली. पुढे जे काही शिकलो ते युनियनची कामे आटोपल्यावर रात्री, सार्वजनिक वाचनालयातील पुस्तकांवर. तेव्हा मला जे समजले तेवढेच, आणि मला जसे समजले तसेच, मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

ती संख्या अशी : १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७.

एकवीस आकडे आहेत. भास्कराचार्यांनी लीलावतीत स्थानांची जी नावे दिली आहेत ती अठराव्या स्थानाशी, परार्धापाशी, संपतात. ही संख्या त्याच्याही तीन स्थाने पुढे जाते. चौदाशे पंच्याहत्तर परार्धांहून ती थोडी अधिक आहे. परंतु तिची घडण मात्र फार साधी आहे. बुद्धिबळाच्या पटावरील दाण्यांची गोष्ट आपणां सर्वांना ठाऊक आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत चौसष्ट घरे भरावयाची. असे आठ पट भरावेत आणि वर सात दाणे ठेवावेत, म्हणजे आपली संख्या पुरी होते. गणिताच्या भाषेत सांगायचे तर दोनाचा सदुसष्टावा घात घेऊन त्यातून एक वजा केला आहे.

या संख्येविषयी एकच प्रश्न विचारला गेला : ही मूळ संख्या आहे काय? म्हणजे एक आणि ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येने तिला भाग जात नाही, असे आहे काय? १६४४ साली एका विद्वानाने ‘होय’ म्हटले. १८७६ साली दुसऱ्याने ‘नाही’ म्हटले. १९०३ साली तिसऱ्याने ती फोडून दाखविली. दोनशे एकोणसाठ वर्षांचा हा व्यवहार आहे, आणि माझ्या मते तो तुम्हां-आम्हां गणिती नसलेल्या माणसांच्याही कामाचा आहे.

प्रथम हे पाहू की असा प्रश्न पडलाच का. ग्रीक लोकांना काही संख्यांचे मोठे कौतुक होते. सहाला एक, दोन आणि तीन यांनी भाग जातो, आणि त्यांची बेरीज पुन्हा सहाच येते. अठ्ठावीसला एक, दोन, चार, सात आणि चौदा यांनी भाग जातो, आणि बेरीज अठ्ठावीसच. अशा संख्यांना परिपूर्ण संख्या म्हणतात. त्या मिळविण्याची रीत यूक्लिडने आपल्या ग्रंथात सिद्ध केली. दोन, चार, आठ, सोळा अशा दुपटीच्या संख्येतून एक वजा करावा. उरलेली संख्या मूळ असेल तर तिला आधीच्या दुपटीने गुणावे, की परिपूर्ण संख्या मिळते. आठातून एक गेला सात, सात मूळ आहे, सात चोक अठ्ठावीस. बत्तिसातून एक गेला एकतीस, एकतीस मूळ आहे, त्यास सोळांनी गुणले की चारशे शहाण्णव.

म्हणून सर्व भिस्त एका गोष्टीवर आली : दोनाचा कितवा घात घेऊन एक वजा केल्यास मूळ संख्या येते? घाताचा आकडा मूळ नसेल तर संख्याही मूळ नसते, एवढे लवकर कळते. पण आकडा मूळ असला म्हणजे काम झाले, असेही नाही. दुसरा, तिसरा, पाचवा आणि सातवा घात घेतला तर ३, ७, ३१ आणि १२७ या सर्व मूळ संख्या मिळतात. नियम सापडला असे वाटते. मग अकरावा घात घेतला की २,०४७ येतात, आणि ते तेवीस गुणिले एकोणनव्वद आहेत. १५३६ साली छापलेल्या एका पुस्तकात ही गोष्ट दाखविली गेली आणि नियमाची आशा संपली. आता प्रत्येक घात निरनिराळा तपासणे आले.

या ठिकाणी मारॅं मर्सेन हा पॅरिसचा मठवासी विद्वान येतो. त्याच्या काळी शास्त्रीय मासिके नव्हती. विद्वानांना एकमेकांचे काम पत्रांतून कळे, आणि यातील पुष्कळ पत्रे मर्सेनच्या हातून जात. फर्मा, देकार्त यांच्यासारख्यांशी त्याचा पत्रव्यवहार होता. १६४४ साली आपल्या एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने जाहीर केले की, दोनशे सत्तावन्नपर्यंतच्या घातांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढेच अकरा घात मूळ संख्या देतात, बाकीचे देत नाहीत. पुरावा दिला नाही. इतकेच नव्हे, तर पंधरा-वीस आकडी संख्या मूळ आहे की नाही हे ठरविण्यास सर्व काळही अपुरा पडेल, अशा अर्थाचे विधान त्यानेच केले. आणि तरीही एकवीस आकड्यांची आपली संख्या त्याच्या यादीत मूळ म्हणून बसली होती!

मर्सेनची मी थट्टा करीत नाही. तो जाणता होता, आणि त्याच्या यादीतील पुष्कळसे बरोबर निघाले. पण त्या यादीचा ताळा कोणीही पाहू शकत नव्हते. संख्या मूळ आहे की नाही हे तपासण्याची उघड रीत म्हणजे लहान-लहान संख्यांनी भागून पाहणे, आणि हे वर्गमुळापर्यंत करावे लागते. आपल्या संख्येचे वर्गमूळ सुमारे एक हजार दोनशे पंधरा कोटी येते. इतके भागाकार कोण करणार? म्हणून यादी चालत राहिली. पुस्तकातून पुस्तकात गेली. मोठ्या माणसाचा शब्द आणि तपासणीची अडचण ही दोन्ही एकत्र आली म्हणजे शब्दाला पुराव्याची किंमत येते. हे केवळ गणितातच घडते असे नाही.

पहिला मोठा ताळा ऑयलरने पाहिला. १७७२ साली, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना, एकतिसाव्या घाताची संख्या २,१४,७४,८३,६४७ ही मूळ असल्याचे त्याने सिद्ध केले. तिचे वर्गमूळ शेहेचाळीस हजारांच्या पुढे आहे. पण भाजक कोणत्या साच्याचा असू शकतो याचे नियम वापरून तपासावयाचे भाजक पावणेचारशेच्या आत आणता येतात. येथे मर्सेन बरोबर ठरला. परंतु सदुसष्टाव्या घाताला ही युक्ती पुरेशी नव्हती. तेथे याच नियमांनी चाळले तरी सुमारे साडेचार कोटी भाजक उरतात. मिनिटाला एक या वेगाने, झोप न घेता, शहाऐंशी वर्षे लागतील.

पुढची पायरी फ्रान्समधील एद्वार ल्यूका याने १८७६ साली घेतली. आपण मुलांना देतो ते तीन खुंट्या आणि चकत्यांचे कोडे याच गृहस्थाचे. ते १८८३ साली प्रसिद्ध झाले, आणि त्याच्याबरोबर काशीच्या देवळातील चौसष्ट सुवर्णचकत्यांची दंतकथाही जोडलेली होती. ल्यूकाने अशी रीत काढली की, भाजक न शोधताच संख्या मूळ आहे किंवा नाही हे ठरावे. पुढे डी. एच. लेहमर याने १९३० साली ती अधिक सुटसुटीत केली. तिचे आजचे रूप असे : चारापासून आरंभ करा. वर्ग करा, दोन वजा करा, आपल्या संख्येने भागा आणि बाकी ठेवा. त्या बाकीचा पुन्हा वर्ग, पुन्हा दोन वजा, पुन्हा बाकी. घाताच्या आकड्याहून दोन कमी इतक्या वेळा हे करा. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाही तर नाही.

एकतीसवर करून पाहा. एकतीस म्हणजे पाचवा घात, म्हणून तीन वेळा करावयाचे. चाराचा वर्ग सोळा, दोन गेले चौदा. चौदाचा वर्ग एकशे शहाण्णव, दोन गेले एकशे चौऱ्याण्णव. एकतीसने भागले, बाकी आठ. आठाचा वर्ग चौसष्ट, दोन गेले बासष्ट. एकतीसने भागले, बाकी शून्य. एकतीस मूळ आहे. तीच रीत २,०४७ वर नऊ वेळा चालविली तर शेवटी १,७३६ बाकी राहते. ती शून्य नाही, म्हणून संख्या मूळ नाही. मात्र ध्यानात घ्या की, या रीतीत तेवीस किंवा एकोणनव्वद यांचे नावही कोठे आले नाही.

ल्यूकाने आपल्या रीतीने एकशे सत्ताविसाव्या घाताची एकोणचाळीस आकडी संख्या मूळ असल्याचे दाखविले. १९५१ पर्यंत माहीत असलेली ती सर्वांत मोठी मूळ संख्या होती. आणि सदुसष्टाव्या घाताबद्दल त्याचा निर्णय मर्सेनच्या विरुद्ध गेला : ही मूळ नाही. पण तिला कोणत्या संख्यांनी भाग जातो, हे ल्यूकाला सांगता आले नाही.

येथे थोडे थांबले पाहिजे. काही तरी चुकले आहे हे सिद्ध होणे, आणि नेमके काय चुकले आहे ते समोर ठेवणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. माझ्या धंद्यातील एक उदाहरण देतो. एका कारखान्यात ओव्हरटाइमचा पैसा कमी मिळतो, ही कामगारांची तक्रार होती. वर्षाचे एकूण तास आणि वाटलेली एकूण रक्कम यांचा मेळ बसत नव्हता, हे आम्ही दाखविले. व्यवस्थापनाचे उत्तर ठरलेले होते : तूट असेल, पण ती कोठे आहे ते सांगा. चार बैठका अशाच गेल्या. पाचव्या बैठकीला एका वयस्क फिटरने आपली वही आणली. तीन वर्षे तो रोज घरी गेल्यावर कामावर आल्याची व सुटल्याची वेळ लिहून ठेवीत होता. त्याने वही आणि पगारचिठ्ठ्या शेजारी-शेजारी ठेवल्या आणि तारखांवर बोट ठेवीत गेला. भाषण कोणालाच करावे लागले नाही. आमचा हिशेब खोटा नव्हता, पण तो समजण्यासाठी आमच्यावर विश्वास ठेवावा लागत होता. वहीला तसे काही लागत नव्हते.

आपल्या संख्येची वही प्रोफेसर फ्रँक नेल्सन कोल यांनी उघडली. कोल हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गणित शिकवीत आणि अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचे चिटणीसही होते. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्क येथे सोसायटीच्या सभेत मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याविषयी त्यांचा निबंध होता. त्या सभेची हकीकत एरिक टेंपल बेल या गणितज्ञाने १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात दिली आहे. तीनुसार कोल एक शब्द न बोलता फळ्याजवळ गेले. फळ्यावर त्यांनी दोनाचा सदुसष्टावा घात काढला आणि त्यातून एक वजा केला. मग फळ्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन त्यांनी या दोन संख्या मांडल्या :

१९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७.

त्यांनी हातानेच त्यांचा गुणाकार केला. दोन्ही बाजूंची उत्तरे सारखी आली. कोल जागेवर जाऊन बसले, सभेने टाळ्यांचा गजर केला आणि कोणी एकही प्रश्न विचारला नाही. पुढे बेलने त्यांना विचारले की, या संख्या शोधण्यास किती काळ लागला. ते म्हणाले, तीन वर्षांचे रविवार.

सभेची ही हकीकत एकट्या बेलची आहे, आणि जवळजवळ अर्ध्या शतकानंतर छापलेली आहे. कथा सांगण्याच्या ओघात तिला थोडा रंग चढला असेल, असे कोणी म्हटले तर मी भांडणार नाही. कारण कोल यांचा निबंध त्याच वर्षी सोसायटीच्या मुखपत्रात छापला गेला, आणि त्या दोन संख्या तर आपल्यापुढेच आहेत. त्यांचा खरेपणा बेलवरही अवलंबून नाही, कोल यांच्यावरही नाही.

तीन वर्षांचे रविवार म्हणजे किती काम, याचा मी घरी बसून अदमास घेतला. आपल्या संख्येचा कोणताही भाजक एकशे चौतीसच्या पटीत एक मिळवून आलेला असतो, हा फर्माच्या वेळेपासूनचा नियम आहे. कोल यांची लहान संख्या या साच्यात १४,४५,५८० व्या ठिकाणी येते. दुसरा एक नियम लावून निम्मे भाजक गाळले तरी तेथवर सव्वासात लाखांच्या आसपास भाजक तपासावे लागतील. यांपैकी मूळ नसलेले आणखी गाळता येतील खरे, पण त्या काळी मूळ संख्यांची छापील कोष्टके नव्वद लाखांपर्यंतच होती. मिनिटाला एक भागाकार आणि रविवारी दहा तास धरले, तरी बाराशे रविवार, म्हणजे तेवीस वर्षे झाली. कोल यांनी ते तीन वर्षांत केले, कारण ते एकामागून एक भागाकार करीत बसले नाहीत. एखाद्या वर्गसंख्येला आपल्या संख्येने भागले असता कोणत्या बाक्या उरतात, याच्या अभ्यासातून त्यांनी चाळण्या तयार केल्या. एका चाळणीतून सुटलेले दुसरीत अडकवीत ते उत्तराजवळ गेले. कष्ट होतेच, पण ते विचाराने वाचविलेले कष्ट होते.

आता ताळा आपणच पाहू. शाळेत गुरुजींनी शिकविलेला नवाचा ताळा आठवा. पहिल्या संख्येच्या आकड्यांची बेरीज ३७ : तीन आणि सात दहा, एक. दुसरीच्या आकड्यांची बेरीज ६४ : सहा आणि चार दहा, पुन्हा एक. एक एके एक. आता एकवीस आकड्यांची बेरीज करा. ती १०९ येते : एक, शून्य आणि नऊ मिळून दहा, म्हणजे एक. ताळा जमला. दुसरा ताळा शेवटच्या दोन आकड्यांचा. पहिलीचे २१, दुसरीचे ८७, त्यांचा गुणाकार १,८२७. आपल्या संख्येच्या शेवटी २७ आहेत की नाही? एवढ्याने संपूर्ण सिद्धता होत नाही, कारण चुकीचा गुणाकारही कधी कधी अशा ताळ्यातून सुटतो. पूर्ण सिद्धतेसाठी सगळा गुणाकारच मांडावा लागेल. तो आठ ओळींचा आहे, कारण लहान संख्येत एक शून्य आहे. कागदाचा एक ताव आणि अर्धा-पाऊण तास पुरेल. ज्याला पाढे येतात त्याला हा निकाल तपासता येतो. प्राध्यापकाची पदवी लागत नाही.

मर्सेनच्या यादीचे पुढे काय झाले तेही सांगतो. रशियातील इव्हान पर्वुशिन नावाच्या एका खेडेगावच्या धर्मोपदेशकाने १८८३ साली एकसष्टावा घात मूळ संख्या देतो असे दाखविले. मर्सेनने तो गाळला होता. त्यामुळे ६१ च्या जागी चुकून ६७ छापले गेले असावे, असे काहींनी म्हटले. पण बचाव टिकला नाही. अमेरिकेतील आर. ई. पॉवर्स या हौशी गणित्याने १९११ साली एकोणनव्वदावा आणि १९१४ साली एकशे सातवा घात शोधला. तेही यादीत नव्हते. १९२२ साली क्राइचिक याने दोनशे सत्तावन्नावा घात मूळ नाही असे दाखविले, आणि काही वर्षांनी लेहमरने त्याला दुजोरा दिला. १९४७ पर्यंत सर्व घात तपासून झाले. दोन जास्तीचे, तीन गाळलेले, अशा यादीत एकूण पाच चुका निघाल्या. तीनशे तीन वर्षांनी ती दुरुस्त झाली.

ही दुरुस्ती करणारांची नावे मी पुन्हा-पुन्हा वाचतो. एक धर्मोपदेशक, एक हौशी माणूस, आणि एक प्राध्यापक, तोही रविवारी. पगाराच्या तासांत बसणारे हे काम नव्हते. येथे कामगार चळवळीतील माणसाला रविवाराची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. मुंबईच्या गिरण्यांत रविवार हा कामगाराचा नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातील एक मागणी आठवड्याच्या सुट्टीची होती. १८९० च्या जून महिन्यात गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. ती विश्रांतीसाठी हवी होती, संसारासाठी हवी होती, हे तर खरेच. पण मनुष्याला स्वतःच्या ओढीने एखादी गोष्ट तडीस नेण्यासाठीही एक दिवस लागतो. कोल यांना तो त्यांच्या हुद्द्याने मिळाला होता, आमच्या लोकांना झगडून मिळवावा लागला. आजही ज्यांना आठवड्याची सुट्टी नाही अशी माणसे या शहरात आहेत. घरोघर पार्सले पोचविणारी मुले आहेत, रखवालदार आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्या हातून काय झाले असते, हे कोणत्याही कोष्टकात सापडणार नाही.

आता यंत्रे आली आहेत. कोल यांची तीन वर्षे आज संगणक डोळ्याचे पाते लवायच्या आत उरकतो. पण मूळची अडचण संपलेली नाही. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार सोपा, आणि गुणाकारावरून त्या संख्या शोधणे फार कठीण, या फरकावरच रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ साली गुप्त संदेशांची एक पद्धत उभारली. पुढे बँकांचे आणि संगणकांवरचे कितीतरी व्यवहार तिच्या भरवशावर चालले. आणि मर्सेनच्या जातीच्या मूळ संख्यांचा शोधही चालूच आहे. १९९६ पासून जगभरचे हौशी लोक आपापले संगणक त्यासाठी लावतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांच्यापैकी ल्यूक ड्युरांट याला जी संख्या सापडली ती दोनाचा १३,६२,७९,८४१ वा घात वजा एक अशी आहे. तिच्यात ४,१०,२४,३२० आकडे आहेत. ती जाहीर करण्यापूर्वी निरनिराळ्या यंत्रांवर, निरनिराळ्या कार्यपद्धतींनी पुन्हा तपासून घेतली गेली. शोध लागला असे सांगण्याआधी ताळा पाहिला, आणि दुसऱ्यांकडून पाहवून घेतला. मर्सेनच्या प्रस्तावनेपासून आपण एवढे अंतर चालून आलो आहोत.

आपण घरी गेल्यावर एक करावे, अशी माझी विनंती आहे. मी सांगितलेल्या त्या दोन संख्या कागदावर लिहून घ्या, आणि येत्या रविवारी मुलांना शेजारी बसवून तो आठ ओळींचा गुणाकार करून पाहा. केवळ माझ्या सांगण्यावर तो खरा मानू नका.